कातकामासाठी ओले ओंडके ट्रेलरमधून आणायचे आहेत: किती भरायचे, आणि अख्खे की चिरून?

नवी_लेथ

नमस्कार मंडळी. वाडगे कातण्यासाठी ओलं लाकूड लागतं, आणि पाडलेल्या झाडांचे बुंधे आता मिळू लागले आहेत. अडलंय ते आणण्यापाशी. ट्रेलर आहे, पण त्यातून आजवर गवत आणि जुनं फर्निचर यापलीकडे काही वाहिलेलं नाही.

ट्रेलर एका ॲक्सलचा, ब्रेक नसलेला. पाटीवर एकूण वजन 750 किलो लिहिलंय, रिकामा 220 किलो भरतो. हौदा 2.4 मीटर लांब, 1.2 मीटर रुंद, बाजूचे फळे 40 सेंमी उंच. हौद्याच्या पुढच्या फळ्यापासून ॲक्सल 1.3 मीटरवर आहे आणि ॲक्सलपासून कपलर (गाडीला जोडायचं ट्रेलरचं पुढचं टोक) 2.5 मीटर. गाडीच्या हिचवर, म्हणजे कपलर अडकतो त्या मागच्या जोडावर, उभ्या भाराची मर्यादा 75 किलो दिलेली आहे. लेथवर जास्तीत जास्त 40 सेंमी व्यासाचं लाकूड फिरतं.

बुंधा सरासरी 50 सेंमी व्यासाचा आहे, कालच पाडलेला. त्याचे 60 सेंमी लांबीचे ओंडके पाडून घ्यायचा विचार आहे. प्रश्न तीन: एका खेपेत किती ओंडके भरावेत? दोन माणसांनी ते वर कसे चढवावेत? आणि जागेवरच मधून चिरून अर्धे करून आणावेत की अख्खे?

तोलकाटा

ट्रेलरची मापं दिलीत हे फार बरं केलंत, आता सगळा हिशोब मांडता येईल.

आधी वजन. नुकत्याच पाडलेल्या बहुतेक पानझडी झाडांचं लाकूड घनमीटरला 900 ते 1100 किलो भरतं. हिशोबाला 1000 धरा. व्यास सेंमीत घ्या, त्याचा वर्ग करा, सेंमीतल्या लांबीने गुणा आणि आलेल्या आकड्याला 0.000785 ने गुणा, उत्तर किलोत येतं. तुमचा ओंडका: 50 गुणिले 50 गुणिले 60 म्हणजे 1,50,000, म्हणून 118 किलो. व्यास वर्गात येतो हे विसरू नका. तेवढ्याच लांबीचा 60 सेंमीचा ओंडका थेट 170 किलोवर जातो, आणि डोळ्याला दोघांत फारसा फरक दिसत नाही.

तुमच्या ट्रेलरला भार उरतो 750 वजा 220, म्हणजे 530 किलो. चार ओंडके 472 किलो. पाचवा घेतलात की 590, मर्यादेबाहेर. चारच घ्या. वर राहिलेले 58 किलो दोर, पाचरी, फळ्या आणि चेनसॉ यांनाही लागतात.

ओल्या लाकडात नेहमी फसगत होते ती इथे: हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि हात थांबत नाहीत. तुमचा हौदा फळ्यांच्या कडेपर्यंत 1.15 घनमीटरचा आहे. गोल ओंडक्यांमधल्या पोकळ्या सोडल्या तरी त्यात पाऊण घनमीटर लाकूड सहज बसतं, म्हणजे 750 किलो. फळ्यांच्या वर एकही ओंडका न दिसता तुम्ही 220 किलो जादा भरलेले असता. ब्रेक नसलेल्या ट्रेलरचा सगळा भार गाडीच्या ब्रेकवर येतो, म्हणून ही मर्यादा ताणू नका.

आता भार कुठे ठेवायचा. एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार पुढच्या दांड्यावर, म्हणजे कपलरवर, यायला हवा, पण हिचच्या मर्यादेच्या आत. तुमचे चार ओंडके दोन-दोनच्या दोन ओळींत, लांबी गाडीच्या दिशेने, असे आडवे ठेवलेत तर मिळून 1.2 मीटर लांबीचा ठोकळा होतो. त्याचा मध्य ॲक्सलच्या 25 सेंमी पुढे आणा. दांड्यावर येणारा भार: 472 गुणिले 25 भागिले 250, म्हणजे 47 किलो. त्यात रिकाम्या ट्रेलरचा दांड्यावरचा भार मिळवा. तो समजा 22 किलो असेल, तर 69. एकूण 692 किलोला हे बरोबर दहा टक्के पडतं आणि 75 च्या आतही राहतं.

तेच ओंडके पुढच्या फळ्याला नेऊन टेकवलेत तर मध्य 70 सेंमी पुढे जातो आणि दांड्यावर 150 किलोच्या वर भार येतो. गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग सैल लागतं. उलट मध्य ॲक्सलच्या 15 सेंमी मागे गेला, तर दांडा हिचला वर उचलायला लागतो. हे त्याहून वाईट. वेग वाढला की असा ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. डोलू लागलाच तर स्टेअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय हळू काढा, जोरात ब्रेक मारू नका आणि वेग वाढवून सरळ करायला तर मुळीच जाऊ नका.

रिकाम्या दांड्याचा भार अंदाजाने धरू नका. कपलर हिचला जोडल्यावर जेवढ्या उंचीवर असतो, तेवढ्याच उंचीचा लाकडी ठोकळा वजनकाट्यावर उभा करून कपलर त्यावर टेकवा. घरातला माणसं मोजायचा काटा चालतो. भरल्यावर पुन्हा मोजा.

दोर_पाचर

तोलकाटा यांच्या मांडणीत एक गोष्ट जोडतो. मध्य 25 सेंमी पुढे ठेवला की ओंडके आणि पुढचा फळा यांच्यात 45 सेंमी मोकळी जागा राहते. ती तशीच सोडलीत तर पहिल्या जोरदार ब्रेकला 472 किलो पुढे सरकतील. 10 बाय 10 सेंमीचे दोन दांडके 45 सेंमीचे कापा, ओंडक्यांच्या बाजूला एक आडवी फळी लावा आणि दांडके फळी आणि पुढचा फळा यांच्यात घट्ट ठोकून बसवा. बाजूला मिळून 20 सेंमी फट राहते, तिच्यात दोन्हीकडून लांब पाचरी. ओंडका 50 सेंमीचा असल्याने त्याचा मध्य तळापासून 25 सेंमीवर येतो, तुमच्या फळ्याच्या कडेखाली 15 सेंमी. म्हणून तो बाजूने उसळून जाणार नाही. दुसरा थर मात्र चढवू नका.

चढवताना गाडी जोडलेलीच ठेवा. हँडब्रेक ओढा आणि चाकांना पुढून-मागून उटी (चाक अडवणारे ठोकळे) लावा. मागच्या कडेवर एक ओंडका आला की ॲक्सलच्या 1.1 मीटर मागे 118 किलो बसतात आणि दांडा 52 किलोच्या जोराने वर उचलला जातो. सुटा ट्रेलर असेल तर हौदा मागे कलंडून ओंडका परत खाली येतो. हौद्याच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली ठोकळे किंवा जॅकस्टँड द्या, म्हणजे हिचवरही उलटा ताण येत नाही.

उचलू नका, लोळवा. 5 सेंमी जाड, 20 सेंमी रुंद, 2.4 मीटर लांब अशा दोन फळ्या मागे टेकवा आणि वरचं टोक हौद्याला बोल्टने किंवा क्लॅम्पने पक्कं करा. नुसती टेकवलेली फळी ओंडका मध्यावर आला की पाठीमागे निसटते.

मग दोर. 12 मिमीचा, कमी ताणणारा, दोन. प्रत्येक दोराचं एक टोक हौद्यात पुढच्या कडीला बांधा. दोर हौद्याच्या तळावरून मागे, उतारावरून खाली, ओंडक्याच्या पोटाखालून नेऊन पाठीवरून परत वर हौद्यात आणा. एक दोर ओंडक्याच्या डाव्या टोकापासून 15 सेंमी आत, दुसरा उजव्या टोकापासून तेवढाच आत. दोन्ही सुटी टोकं हौद्यात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. तो ओढतो तसा ओंडका दोराच्या झोळीत गोल फिरत वर चढतो. हौदा जमिनीपासून 50 सेंमी उंच धरला तर 118 किलोच्या ओंडक्याचा उतारावरचा ओढा सुमारे 25 किलो होतो, आणि या झोळीमुळे हाताला त्याच्या निम्मा, 12-13 किलो लागतो. सालीच्या खडबडीतपणाने थोडा वाढतो, तरी एक माणूस आरामात ओढतो. एक दोर पुढे गेला की ओंडका तिरका होतो. मग थांबून मागे पडलेला दोर आधी ओढायचा.

दुसरा माणूस पाचर घेऊन बाजूला उभा राहतो. ओंडक्याच्या मागे, उताराच्या रेषेत, कधीच नाही. ओंडका पाव वेढा फिरला की खाली पाचर सरकवायची. पाचरीला मीटरभर लांबीचा दांडा ठोकून घ्या, म्हणजे हात ओंडक्याखाली जात नाही.

हौद्यात ओंडका आडवा येतो, त्याला लांबीत वळवायचा असतो. पोटाखाली बरोबर मध्यावर हातभर जाडीचा डहाळीचा तुकडा नव्हे, फक्त दोन-अडीच सेंमीची फळीची कपटी सरकवा आणि पहारीने एक टोक ढकला. ओंडका त्या कपटीवर भिंगरीसारखा वळतो.

बांधायला 50 मिमीचे रॅचेट पट्टे (मूठ मागे-पुढे करून आवळायचे), प्रत्येक ओळीवर दोन, म्हणजे चार. बारीक 25 मिमीचे यासाठी नाहीत. पट्टा रॅचेटच्या फटीतून ओवल्यावर आधी हाताने सगळी ढील काढा, मगच मूठ मारा. रॅचेटच्या गाभ्यावर दीड-दोन वेढे बसले पाहिजेत. पाच-सहा वेढे गुंडाळले गेले तर रॅचेट भरतो आणि ताण येण्याआधीच अडतो. पट्टा ढिली साल असलेल्या जागेवरून नेऊ नका, वाटेत साल निसटली की पट्टा एकदम सैल होतो. तिथली साल आधीच सोलून टाका. घट्ट सालही दबतेच. म्हणून 10 किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा, त्यानंतर पन्नासेक किलोमीटरवर. तेव्हाच चाकाच्या तुंब्याला (चाकाच्या मधल्या भागाला) हात लावून बघा. एक तुंबा दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंगकडे लक्ष द्यायला हवं.

ओलं_लाकूड

तिसऱ्या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे: उचलता किंवा लोळवता येत असेल तोवर ओंडका अख्खाच आणा. आणि 60 सेंमीचे तुकडे पाडूच नका.

लाकडातलं पाणी कापलेल्या टोकातून, म्हणजे आडव्या छेदातून, बाजूच्या मानाने कित्येक पट वेगाने निघून जातं. प्रत्येक आडवा काप म्हणजे दोन नवी टोकं, आणि प्रत्येक टोकाचे निदान 5 सेंमी तडकून वाया जाणार असं धरायचं. तुमच्या लेथवर 40 सेंमीचं लाकूड फिरतं, तर एका वाडग्याला 40 अधिक दोन्हीकडचे पाच-पाच, म्हणजे 50 सेंमी लागतात. 60 सेंमीच्या ओंडक्यातून एकच वाडग्याची लांबी निघते आणि 10 सेंमी उगाच उरतात. त्याऐवजी 92 सेंमीचा एक ओंडका पाडा: दोन वेळा 40, दोन टोकांचे 10, मधल्या कापाला आणि मापातल्या चुकीला 2. वजन 180 किलो. तुमच्या 530 किलोत असे दोनच बसतात, 360 किलोत चार लांब्या. साठचे चार ओंडके 472 किलोत तेवढ्याच लांब्या देतात. शंभरावर किलो तुम्ही फुकट वाहणार.

टोकांना मेणाचं इमल्शन (पाण्यात मिसळलेलं मेण) जागेवरच लावा, चेनसॉ खाली ठेवल्याबरोबर. संध्याकाळी घरी गेल्यावर नको. आधी टोकावरचा भुसा ब्रशने झाडा, नाहीतर मेण भुशावर बसतं आणि खपलीसारखं निघून येतं. पहिला हात चांगला दाटसर द्या. तो पांढरटपणा जाऊन पारदर्शक दिसू लागला की दुसरा. मेण कडेवरून सालीवर दोन-तीन सेंमी उतरलं पाहिजे, कारण भेगा बऱ्याचदा साल आणि लाकूड यांच्या सांध्यापासून सुरू होतात. भिंतीचा साधा रंग पातळ पडतो, त्यातून ओल निघत राहते.

मेण ओलं असताना वाऱ्यात नेऊ नका. उन्हात, वेगात धावणाऱ्या ट्रेलरमधलं उघडं टोक दोन-तीन तासांत केसासारख्या भेगा दाखवतं. भिजवलेली पोती टोकांवर टाका आणि वर ताडपत्री. ताडपत्रीचे दोर वेगळे, ओंडक्यांचे पट्टे वेगळे. ताडपत्री काहीही धरून ठेवत नाही.

ओंडका मातीतून ओढू नका. सालीत बसलेली वाळू चेनसॉची धार दोन मिनिटांत घालवते आणि लेथवर गाऊजचीही (कातायच्या पन्हळी पटाशीची). आणि टोकाच्या छेदावर निळसर-काळा डाग दिसला तर तिथे खिळा किंवा तार आहे असं समजा, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून तो रंग येतो. असा ओंडका ट्रेलरवर चढवण्याआधी धातुशोधक फिरवा. सालीवर ताज्या भोकांतून भुसा गळत असेल तर तो दूरवर नेऊ नका, पोखरणारी कीड अशीच नव्या जागी पोचते.

तोलकाटा

92 सेंमीचे दोन ओंडके शेजारी-शेजारी ठेवलेत तर एकूण 580 किलो. दांड्यावर 58 किलो हवेत, त्यातले 22 आधीच आहेत. उरले 36. म्हणजे मध्य ॲक्सलच्या 25 सेंमी पुढेच, पण पुढची मोकळी जागा आता 59 सेंमी होते. दांडके त्या मापाचे कापा. तीन ओंडके 540 किलो होतात, 10 किलोने बाहेर. तिसरा घेऊ नका.

नवी_लेथ

सगळ्यांचे मनापासून आभार. 92 सेंमीचं पटलं. पण बुंध्याचा खालचा भाग 70 सेंमी व्यासाचा आहे. सूत्राने 92 सेंमीला 354 किलो येतात. तो लोळवायची हिंमत होत नाही. तिथे तरी चिरावा ना? आणि चिरला तर किती वेळ हातात असतो?

ओलं_लाकूड

हो, तो चिराच. एवढ्या वजनाच्या ओंडक्याला दोन माणसं आणि दोन दोर पुरेसे नाहीत.

कुठून चिरायचा ते महत्त्वाचं. दोन्ही टोकांवर भेंड, म्हणजे खोडाच्या मधोमधचा मऊ ठिपका, शोधा आणि खडूने त्यातून जाणारी रेषा आखा. टोकावर आधीच एखादी मोठी भेग पडली असेल तर रेषा त्या भेगेतूनच न्या, जे तडकलंय ते वाया जाणाऱ्या भागात जाऊ द्या. लाकूड वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं ते भेंडेपासून सालीकडे आकसण्याच्या जवळपास दुप्पट असतं. भेंड आत राहिली तर हा ताण कुठेतरी फुटतोच. म्हणून रेषेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंमी सोडून दोन काप घ्या आणि मधली 6 सेंमीची फळी वेगळी काढा. तुमच्या ओंडक्यात ही फळी 38 किलोच्या आसपास भरेल आणि दोन्ही अर्धे दीडशे-एकशेसाठ किलोचे. तेही जड आहेत, म्हणून मोठ्या व्यासाला दोन लांब्यांचा आग्रह सोडा, 50 सेंमीवर आडवा कापा. मग अर्धा 86 किलोच्या आसपास येतो.

चिरताना ओंडका आडवा ठेवा, दोन्ही बाजूंना पाचरी मारा, आणि चेनसॉची पट्टी लाकडाच्या धाग्यांना समांतर धरून वरून खाली उतरवा. शेवयांसारख्या लांब तारा निघतात. त्या स्प्रॉकेटच्या (साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) झाकणात अडकून साखळी जाम करतात, म्हणून दर 10 सेंमीला सॉ बंद करून तारा काढा. काप मिटायला लागला तर मागे प्लास्टिकची पाचर ठोका, लोखंडी नको. शेवटच्या हातभर कापात ओंडक्याखाली जाड फळी असू द्या, साखळी मातीत गेली की धार संपली.

वेळेचं म्हणाल तर चिरलेल्या अर्ध्यांच्या दोन्ही टोकांना मेण लावून, सपाट तोंडावर ओलं पोतं आणि त्यावर प्लास्टिक गुंडाळून सावलीत ठेवलं तर थंड हवेत आठवडा-दहा दिवस, गरम हवेत तीन-चार. त्यात ओबडधोबड कातून घ्या, भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी ठेवून, 35 सेंमीच्या वाडग्याला साडेतीन. प्लास्टिकमध्ये जास्त दिवस राहिलं तर बुरशीने लाकूड निळसर पडतं. जितके अर्धे त्या आठवड्यात कातू शकाल तितकेच चिरा.

दोर_पाचर

अर्धे वाहताना एक सोय होते, ते लोळत नाहीत. सपाट बाजू खाली, साल वर. पण ओल्या सपाट लाकडाखाली लोखंडी हौदा गुळगुळीत होतो आणि अर्धा साबणासारखा सरकतो, म्हणून खाली जाड रबरी चटई टाका. पट्टा सालीच्या पाठीवरून घ्यायचा. टोकाच्या धारदार कडेवर तो घासत असेल तर मध्ये जुन्या टायरचा तुकडा ठेवा.

उतरवताना ट्रेलर गाडीला जोडलेलाच राहू द्या आणि मागच्या कोपऱ्यांखालचे ठोकळे परत लावा. पट्टा सोडण्याआधी त्या ओंडक्याला दोन्हीकडून पाचर आहे ना ते पाहा. वाटेत तो सरकून पट्ट्यावर रेलून बसलेला असू शकतो, आणि रॅचेट उघडताक्षणी सुटतो. अख्खे ओंडके त्याच झोळीतून उतरवा, फक्त आता दोर कडीभोवती एक वेढा देऊन हळूहळू सोडायचा. खाली जमिनीवर दोन आडव्या फळ्या आधीच टाकून ठेवा आणि ओंडके त्यांवरच राहू द्या, सावलीत, मातीला न लागता.